दगडातल्या थेंबाची साक्ष

आमच्या साहेबांना कुठल्याही माणसाचं वय विचारावंसं वाटत नसे. दगड दिसला की मात्र ते तो उचलायचे, उलटा करायचे, जिभेचं टोक लावायचे आणि विचारायचे, "गरम जन्मलास की थंड?" हे ते दगडाला विचारत, आम्हाला नाही. आम्ही मध्ये बोललेलं त्यांना खपायचं नाही.

माणसाच्या बोलण्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. तळोदा किती लांब आहे हे ते वाटेत तीन वेगवेगळ्या माणसांना विचारत, तिन्ही आकडे वहीत लिहीत, त्यांची सरासरी काढत आणि मग ती सरासरीही चूक आहे असं समजून जीपमध्ये बसत. चहात थर्मामीटर बुडवल्याशिवाय तो घशाखाली उतरवत नसत. आणि एखादा माणूस फार बोलला, की तो गेल्यावर म्हणत, "कमी तापमानाला झालेला आहे. घट्ट बसलेला नाही."

ही गोष्ट साठ साल उलटल्यानंतरची. नंदुरबार तेव्हा नुसता तालुका होता आणि आम्ही सगळे धुळ्याचेच म्हणवत होतो. शहाद्याहून तळोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एका आमराईत आमच्या सरकारी खात्याचे दोन तंबू होते. काम अगदी साधं. गावोगाव जायचं, विहिरींत दोर सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचं, आणि नवी विहीर खोदली जात असेल तर तिच्यातला एखादा दगड नमुना म्हणून आणायचा. साहेब याआधी मोठ्या ठिकाणी होते. तिथे एका बैठकीत वरिष्ठांनी आपण शोधलेल्या खनिजाचं वर्णन केलं, तेव्हा साहेब उठून म्हणाले होते, "आपलं खनिज थंडीत जन्मलेलं आहे, आणि आपण त्याला उगाच भट्टीतलं म्हणता." त्यानंतर त्यांना विहिरी मोजायला इकडे पाठवण्यात आलं.

मी त्यांचा लेखनिक. मॅट्रिक झालेला, हंगामी आणि अतिउत्साही. पहिल्याच आठवड्यात मी सगळे दगड घासूनपुसून त्यांना खोबरेल तेल लावून ठेवलं. साहेब बराच वेळ ती चकचकीत रांग बघत राहिले आणि म्हणाले, "यांचं लग्न कधी आहे?" त्यानंतर दोन दिवस मी राख आणि चोथा घेऊन दगडांचं तेल काढत होतो.

तिसरे वेस्तादादा. ते अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातले. आमचा स्वयंपाक करायचे, सामान उचलायचे आणि आमच्याकडे बघून मान हलवायचे. त्यांची एक कोंबडी होती. तिचा तंबूत आमच्याइतकाच हक्क होता.

साहेबांचं खरं काम विहिरींचं नव्हतंच. ते दुपारी चालायचं, घोंगडीखाली. वैशाखातल्या भर उन्हात टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडायचा, त्यावर तांब्याची छोटी पट्टी, पट्टीवर काचेसारखा पातळ घासलेला गारेचा, म्हणजे पांढऱ्या गारगोटीचा, तुकडा, खाली स्पिरिटचा दिवा. मग साहेब काळी घोंगडी पांघरून सूक्ष्मदर्शकावर ओणवे व्हायचे. घोंगडीला पुढून एक भोक होतं, त्यातून आरशावर ऊन पडायचं. थर्मामीटर बाहेर, आणि तो वाचायला मी. आतून घामाघूम आवाज यायचा, "किती?" मी म्हणायचो, "दोनशे दहा." "सावकाश. वात खाली करा." असं तास तास चालायचं.

आत काय आहे ते त्यांनी मला एकदाच समजावलं होतं. शहाद्याकडे गुऱ्हाळावर ऊन काकवी बाटलीत काठोकाठ भरून बूच मारतात. सकाळी बघावं तर वर बोटभर जागा रिकामी. काकवी निवली, आक्रसली, म्हणून. गारेचा दगड पाताळातल्या उकळत्या पाण्यातून तयार होतो, तेव्हा त्या पाण्याचा एखादा थेंब त्याच्या पोटात अडकतो. केसाच्या जाडीहून लहान. दगड निवतो, थेंब आक्रसतो आणि त्यात एक बुडबुडा उरतो. "आता हाच दगड पुन्हा तापवा," साहेब म्हणाले, "थेंब फुगत जातो, बुडबुडा लहान होत जातो, आणि एका क्षणी नाहीसा होतो. त्या क्षणाला थर्मामीटर जे सांगेल, निदान तेवढ्या उष्णतेत हा दगड जन्मला. कोट्यवधी वर्षं झाली, थेंब आपली साक्ष बदलत नाही. तुम्ही काल दुपारी काय जेवलात?"

मी म्हणालो, "भाकरी आणि... वांगं."

"डाळ होती," साहेब म्हणाले.

या उष्णतेमुळे त्यांचा आणि वेस्तादादांचा कायमचा तंटा होता. दगड चुलीजवळ गेला की थेंब फुटतो, म्हणून चुलीला दगड लावायचे नाहीत असा हुकूम होता. वेस्तादादांनी तीन विटा आणल्या, पण रोज सकाळी चूल पेटवताना ते डोंगराकडे तोंड करून म्हणायचे, "एवढा डोंगर दगडाचा, आणि चुलीला दगड नाही."

नथ्थूभाईंची ओळख झाली तीही घोंगडीमुळेच. आमराईला लागून त्यांचं शेत होतं. बुडबुडा नाहीसा झाला की साहेब आतून जिवाच्या आकांतानं ओरडायचे, "गेला! गेला!" पहिल्यांदा ते ऐकून नथ्थूभाई हातातलं टाकून धावत आले. पाहतात तर काळ्या घोंगडीखाली कुणीतरी ओणवं, आणि बाजूला मी मान खाली घालून लिहितोय. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कोन गया, भाऊ?"

"बुडबुडा," मी म्हणालो.

त्यांनी थोडा वेळ विचार केला. "मंग आपीन रडानं का हसानं?"

नथ्थूभाई गुजर. बोलणं सगळ्यांशी अहिराणीत, घरात गुजरी. माणूस उंच, शांत. त्यांची सहा बिघे केळ होती. जुनी विहीर आटत आली होती. मोट दीड तास चालली की तळ खरवडायला लागायची. म्हणून त्यांनी केळीच्या टोकाला नवी विहीर खोदायला घेतली होती. माती संपली, मुरूम संपला, अठ्ठावीस फुटांवर काळा पाषाण लागला. बत्तीस फुटांपर्यंत ते गेले होते. केळीनं घड धरले होते. पावसाला दीड-दोन महिने होते. नवीला पाणी लागलं तर केळ हाती येणार, नाही तर नाही. इतकं सरळ होतं ते.

आता माझा पराक्रम.

साहेब आठ दिवस अक्कलकुव्याच्या बाजूला दौऱ्यावर गेले. जाताना सांगून गेले, की जमलेल्या सगळ्या नमुन्यांवर क्रमांक घालून ठेवा. क्रमांक घालायची रीत अशी की दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, तो वाळला की त्यावर काळ्या शाईनं आकडा काढायचा. साहेबांचा नियम होता, टेबलावर एका वेळी एकच दगड. ठिपका, वाळणं, आकडा, मग पुढचा. एका दगडाला पाऊण तास. मला ते फार संथ वाटलं.

नमुने दहा होते, दहा विहिरींतले, सगळे कोळशासारखे काळे. त्याच दिवशी टपालानं साहेबांच्या नावे एक पेटी आली. साहेबांचे एक जुने मित्र दूर ग्रॅनाइटच्या मुलखात नोकरीला होते. त्यांनी मॉलिब्डेनमचं खनिज असलेला गारेचा दगड पाठवला होता, थेंब तापवून बघायला. मॉलिब्डेनम म्हणजे पोलादात घालतात तो धातू, एवढं मला पेटीवरच्या चिठ्ठीनं सांगितलं. पेटीत गवत होतं, गवतात कागदात गुंडाळलेला दगड होता. मी तो काढून घेतला आणि पेटी वेस्तादादांना दिली.

मग मी माझी सुधारित पद्धत अमलात आणली. अकराच्या अकरा दगड टेबलावर ओळीनं मांडले. डावीकडून पहिला नथ्थूभाईंच्या विहिरीतला, पुढे बाकीच्या नऊ विहिरी, आणि सर्वांत शेवटी पेटीतला; वहीतही हाच क्रम लिहिला. सगळ्यांना एकदम पांढरे ठिपके देऊन टाकले आणि वाळेपर्यंत चहा प्यायला गेलो. परत आलो तर माझ्या खुर्चीवर ऊन आलं होतं. मी खुर्ची उचलली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सावलीत ठेवली, बसलो, आणि डावीकडून सुरुवात करून एक ते अकरा आकडे घातले.

यात काय चुकलं हे वाचणाऱ्याला कळलं असेल. मला कळायला सव्वा महिना लागला. ओळीतला फक्त सहावा दगड बरोबर होता, आणि त्यात माझं काहीच कर्तृत्व नव्हतं. पांढरी गार काळ्या विहिरीतून कशी निघेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता हे खरं. पण मी दगडांकडे बघतच नव्हतो, ठिपक्यांकडे बघत होतो. अक्षर मात्र सुरेख आलं होतं.

साहेब परत आले. आधी त्यांनी अकरा क्रमांकाचा, म्हणजे मित्राचा दगड मागितला. काळा पाषाण बघून त्यांनी तो दोनदा उलटापालटा केला. "खानदेशातला दगड खानदेशात पाठवून त्याला मॉलिब्डेनम म्हणतो," ते म्हणाले. "कॉलेजातही असाच होता. माझ्या अंथरुणात शिंपले ठेवायचा." त्यांनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं. वीस वर्षांची मैत्री चार ओळींत संपवली. मीच ते टपालात टाकून आलो.

मग त्यांनी एक क्रमांक उचलला, आणि जीभ लावायची विसरले. पांढऱ्या गारेत चंदेरी पापुद्रे होते, नखानं निघतील इतके मऊ. त्यांनी चहाचा पांढरा कप उपडा करून त्यावर दगड घासला. हिरवट झाक असलेली करडी रेघ उमटली. साहेबांनी कप माझ्यापुढे धरला. "मॉलिब्डेनम," ते म्हणाले.

"लेखनिक, हा नथ्थूभाईंच्या विहिरीतला?"

"हो साहेब," मी छाती पुढे काढून म्हणालो, "नंबर आहे ना वर."

दुसऱ्या दिवशी नथ्थूभाईंच्या विहिरीभोवती दोर बांधला गेला, दोराला लाल निशाण लागलं, आणि साहेबांच्या सहीचा हुकूम आला: नमुना क्रमांक एक जिथून मिळाला त्या जागी वरिष्ठांची पाहणी होईपर्यंत कोणतंही काम करू नये.

नथ्थूभाईंनी दगड हातात घेऊन बघितला. "साहेब, हाऊ दगड मन्ही विहीरना नही. आम्ही तं काळाच दगड काढा. मी सोता खाले व्हतू."

"आपण खाली होता, हे आपण सांगता," साहेब अतिशय सभ्यपणे म्हणाले. "दगड काही वेगळं सांगतो."

गावात बातमी पसरली, की नथ्थूभाईंच्या विहिरीत चांदी लागली. लोक निशाण बघायला येऊ लागले. एका म्हातारबाबांनी दोराला हळदकुंकू वाहिलं. नथ्थूभाई सगळ्यांना एकच सांगत, "चांदी नही, पानी पाहिजे माले." पण ज्याच्या विहिरीत चांदी निघाली तो असंच बोलणार, असं लोकांचं मत पडलं.

इकडे घोंगडीखाली रोज नवीन चमत्कार. एक क्रमांकाच्या थेंबांत बुडबुड्याच्या आत आणखी एक बुडबुडा होता, अंड्यातल्या बलकासारखा. तो कोंडलेल्या वायूचा. शेजारी मिठाचा चौकोनी खडा, दाण्याच्या हजाराव्या भागाएवढा. बुडबुडा तीनशे चाळीस अंशांना गेला. साहेब घोंगडीतून बाहेर आले तेव्हा न्हाल्यासारखे दिसत होते. "ही सगळी ग्रॅनाइटच्या पोटातली लक्षणं," ते म्हणाले. "काळ्या पाषाणाला असलं पाणी सुटत नाही. म्हणजे खानदेशाच्या काळ्या दगडाखाली, खोल, ग्रॅनाइटची भट्टी आहे. वर येणाऱ्या लाव्ह्यानं तिचा एक तुकडा उचलून नथ्थूभाईंच्या शेतात आणून टाकला!"

एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या चंदेरी खनिजात गंधक असतं. गंधकात काही अणू जड असतात, काही हलके, आणि त्यांचं प्रमाण बघितलं की गंधक पाताळातून आलं की समुद्राच्या गाळातून, ते कळतं. मुंबईला एका प्रयोगशाळेत असं तोलणारं यंत्र होतं. साहेबांनी चिमूटभर पापुद्रे तिकडे पाठवले. महिन्याभरानं उत्तर आलं: गंधक खोल पाताळातलं, आगीतलं. साहेबांनी तो कागद कपाळाला लावला. यंत्र खरंच बोलत होतं. थेंबही खरंच बोलत होता. त्या अख्ख्या प्रकरणात खोटं असं काही असेल तर तो माझ्या सुरेख अक्षरातला एकचा आकडा.

तो मला सापडला तो कोंबडीमुळे.

वेस्तादादांनी ती पेटी कोंबडीला दिली होती. आतल्या गवतात तिनं नऊ अंडी घातली आणि ती बसली. एकवीस दिवस झाले, पिल्लं निघाली, तरी कोंबडी पेटीतून उठेना. पिल्लं बाहेर ओरडतायत, आई आत हट्टानं बसलेली. आठवडाभर दादांनी वाट बघितली. शेवटी तिला उचललं, आत हात घातला आणि माझ्या टेबलावर एक वस्तू आणून ठेवली.

"बाबू, हे तुमचं अंडं. ती जीव टाकते, पण हे फुटत नाही."

फाटक्या कागदात गुंडाळलेला दगड. पांढरी गार, चंदेरी पापुद्रे. कागदावर साहेबांच्या मित्राच्या हातचं लिहिलेलं: तुकडा दुसरा.

मी एक क्रमांकाचा दगड आणला आणि दोन्हींच्या तुटक्या बाजू एकमेकींना लावल्या. पोळीचे दोन तुकडे जुळावेत तशा जुळल्या. माझ्या डोळ्यांपुढून टेबल, खुर्ची, ऊन आणि तो चहाचा कप सावकाश फिरून गेले.

यावर मी काय केलं? शूर माणसासारखा दगड परत कोंबडीखाली ठेवला. मी हंगामी होतो. साहेबांच्या आयुष्यातला एकमेव शोध माझ्या खुर्चीत जन्मला हे त्यांना सांगायला लागणारी छाती मला नव्हती. आठ दिवस मी पेटीकडे न बघता वावरलो. कोंबडी तेवढी खूश होती.

नवव्या दिवशी नथ्थूभाई आले. आल्या आल्या खाली बसले. हा माणूस कधी असा बसत नसे.

"भाऊ, मन्ही केळ बसी गयी," ते म्हणाले. "घड धरेल शेतस आनि पानं खाले मान टाकी ऱ्हायनात. जुनी विहीर अर्धा तास बी चालत नही."

मी शाईच्या दौतीला झाकण लावलं.

"आखो पाच-सहा फूट, भाऊ. पानी तठेच शे. माले त्याना वास येस." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही शिकेल मानूस. साहेबले तुम्हीच सांगा ना, का हाऊ दगड मन्हा नही. मन्हं तं तो आयकत नही."

मी उठलो, एक क्रमांकाचा दगड आणि कोंबडीखालचा तुकडा बरोबर घेतला. साहेब घोंगडीखाली होते. एका अर्थी ते बरं झालं. चेहऱ्यापुढे कबुली देण्यापेक्षा घोंगडीपुढे देणं सोपं असतं.

"साहेब, माझ्या हातून एक चूक झाली."

"किती?" आतून आवाज आला.

"एकच, साहेब. पण मोठी."

"तापमान, लेखनिक!"

"दोनशे नव्वद. साहेब, एक क्रमांकाचा दगड नथ्थूभाईंच्या विहिरीतला नाही."

"तीनशे झाले की सांगा."

"झाले, साहेब. तो तुमच्या मित्राच्या पेटीतला आहे. मी टेबलाच्या उलट्या बाजूला बसून आकडे घातले."

घोंगडी हलायची थांबली. मग आतून, अगदी हळू: "वात विझवा."

साहेब बाहेर आले. मी दोन्ही तुकडे त्यांच्यापुढे जुळवून धरले. मला वाटलं, आता ते मला हाकलतील. मी त्याची तयारी करून, खिशात कंगवा आणि टॉवेल घेऊनच गेलो होतो.

"ही तुमची साक्ष झाली," साहेब म्हणाले. "मला ती मान्य नाही."

"पण साहेब, तुकडे जुळतायत!"

"जुळतात. माझा जोडा वेस्ताच्या पायाला बसतो, म्हणून वेस्ता माझा भाऊ होत नाही. आपण थेंबाला विचारू."

जगात फार थोड्या लोकांवर आपला मूर्खपणा प्रयोगानं सिद्ध करायची वेळ आली असेल. मी दिवसभर काचेवर कोंबडीचा दगड घासत बसलो. अंगठ्याची साल गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी घोंगडी पांघरली गेली. नथ्थूभाई केळ सोडून येऊन बसले होते. वात सांभाळायचं काम साहेबांनी त्यांना दिलं, कारण माझ्यावर आता विश्वास उरला नव्हता. थर्मामीटर वाचायला वेस्तादादांना बसवलं. त्यांना आकडे वाचता येत नसत, म्हणून पारा कुठे आहे ते काचेवर ते नखानं दाखवायचे आणि साहेब दर वेळी घोंगडी वर करून स्वतः बघायचे. मी लांब उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना करत होतो, की देवा, माझी चूक खरी निघू दे.

पहिल्या दिवशी थेंब फुटला. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं दिवा गेला. नथ्थूभाई दर तासाला केळीकडे बघून येत आणि परत वातीपाशी बसत. तिसऱ्या दिवशी पारा चढत चढत गेला. आतून आवाज, "बलक दिसतोय." मग, "मिठाचा खडा आहे." नथ्थूभाईंनी वात केसभर वर केली.

"गेला," साहेब म्हणाले. ओरडले नाहीत.

वेस्तादादांचं नख तीनशे चाळिसावर होतं.

साहेब बाहेर आले आणि जमिनीवरच बसले. खानदेशाखालची भट्टी विझली होती. ती बघणारे आम्ही तिघंच होतो. वेस्तादादांनी चहा आणून पुढे ठेवला. साहेब म्हणाले, "माझ्या मित्राला तार करायची आहे. लिहा: दगड पोचला. क्षमस्व." मग म्हणाले, "क्षमस्व आधी घ्या."

"साहेब," नथ्थूभाई हलक्या आवाजात म्हणाले, "आते मी खोदू का?"

इथे नवी अडचण निघाली. हुकूम वर गेलेला होता. तो मागे घ्यायचा अधिकार आता साहेबांना नव्हता, वरिष्ठांना होता. आणि वरिष्ठ पत्राला उत्तर द्यायला पावसाळा लावणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब नियम मोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी हुकमाची प्रत मागवली. दोनदा वाचली. मग मान वर केली, आणि त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेला आनंद होता.

"यात विहिरीचं नाव कुठे आहे?" ते म्हणाले. "नमुना क्रमांक एक जिथून मिळाला त्या जागी काम करू नये, असं आहे. नमुना क्रमांक एक कुठून मिळाला, लेखनिक?"

"माझ्या टेबलावरून."

"चला," साहेब म्हणाले.

आम्ही चौघे विहिरीवर गेलो. साहेबांनी स्वतः खुंट्या उपटल्या. दोर गुंडाळला, निशाण खांद्यावर घेतलं, आणि भर गावातून ती मिरवणूक आमच्या तंबूत आली. माझ्या टेबलाच्या चारी बाजूंना खुंट्या ठोकल्या गेल्या, दोर बांधला गेला, मधोमध लाल निशाण लागलं. साहेबांनी अहवाल लिहून काढला. त्यात मॉलिब्डेनमच्या ठेव्याचा उगम या सदराखाली लिहिलं होतं: तंबू क्रमांक दोन, लेखनिकाचं टेबल, पलीकडची बाजू. आणि त्याखाली: टेबलाला दोन बाजू असतात ही गोष्ट माझ्या लेखी सूचनांत नमूद करायची राहून गेली. ही चूक माझी आहे.

मी तो कागद साफ उतरवत होतो. त्या ओळीपाशी माझं सुरेख अक्षर बिघडलं.

त्याच दिवशी संध्याकाळी नथ्थूभाई विहिरीत उतरले. पाच दिवसांनी, सदतीस फुटांवर, पाणी लागलं. गावातल्या लोकांना चांदी दुसरीकडे हलवल्याचं वाईट वाटलं.

वरिष्ठ आले ते तीन आठवड्यांनी, दोन जीप घेऊन. साहेबांनी त्यांना टेबलापाशी नेलं, दोराबाहेर उभं केलं आणि गंभीरपणे सगळं सांगितलं. वरिष्ठांनी निशाणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग विचारलं, "ठेवा किती खोल आहे?"

"अडीच फूट," साहेब म्हणाले. "त्याखाली सतरंजी आहे."

महिन्याच्या आत साहेबांची बदली झाली, आणखी लांब, आणखी विहिरी मोजायला. जीपमध्ये बसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही उपदेश करतील. ते म्हणाले, "त्या थेंबांतलं पाणी कोट्यवधी वर्षांचं होतं हो. तुम्ही बघायला हवं होतंत. मी तुम्हाला एकदाही घोंगडीत बोलावलं नाही." आणि जीप तळोद्याच्या वाटेला लागली.

माझ्या टेबलावरचा हुकूम मात्र कुणीच उठवला नाही. फाईल कुठेतरी अडकली. नवे आलेले साहेब भित्रे होते, ते दोराला हात लावेनात. मी दीड वर्ष पिठाच्या डब्यावर कागद ठेवून लिहीत होतो. केळ उतरली तेव्हा नथ्थूभाई पहिला घड खांद्यावर घेऊन आमराईत आले. "साहेब कथा शेतस?" त्यांनी विचारलं. साहेबांची लांब बदली झाल्याचं मी सांगितलं. त्यांनी दोरावरून वाकून घड सरळ टेबलावर, निशाणाला टेकवून ठेवला आणि ते केळीकडे परत गेले.

तो तिथेच पिकला. तंबूभर वास सुटला, पण नव्या साहेबांनी बंदी असलेल्या जागेतून काही काढायला लेखी मनाई केली. आठव्या दिवशी वेस्तादादा दोर ओलांडून आत गेले, घड उचलला आणि आम्हा सगळ्यांच्या पानांत केळी वाढली. त्या ठेव्यातून आजवर निघालेला एकमेव माल तो. फार गोड होता.